चार्जरसकट

…आणि त्यांनी खिशातून ताणकाटा काढला! भर दुकानात, तुम्हाला सांगते, त्या गारेगार, काचांच्या, अत्तर शिंपडल्यासारखा वास येणाऱ्या दुकानात, जिथे विकणारेसुद्धा कुणीतरी आजारी असल्यासारखे हळू बोलतात, तिथे माझ्या सासऱ्यांनी पँटच्या खिशातून तो स्प्रिंगचा, खाली हूक असलेला ताणकाटा काढला, नाकासमोर उभा धरला, काटा शून्यावर आहे ना ते एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "हं, आणा तो लॅपटॉप. लटकवू या."

लटकवू या! लॅपटॉप आहे की भोपळा? आणि लॅपटॉप कुणाचा? माझा. लटकवणार कोण? सासरे. ठरवणार कोण? नवरा. आणि विचारलं कुणाला…? जाऊ दे. तशी मी फारशी बोलत नाही.

म्हणजे हे मी नाही म्हणत, सगळे म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांना हेच सांगत होती, "मुलगी अगदी शांत आहे हो," आणि कशा सुरात, तर नवा फ्रीज घेताना म्हणतात ना, "आवाज म्हणून नाही," त्या सुरात. पण फ्रीजचं एक बरं असतं, तो एकदा भिंतीला लावला की त्याची जागा ठरते. त्याला रोज सकाळी उठून कुणी म्हणत नाही, जरा सरकतेस का गं, मला इथे पेपर पसरायचाय.

माझं काम काय, ते आधी सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. कारण घरात अजून कुणाच्या फारसं आलेलं नाही. मी लोकांना त्यांचं घर, ते व्हायच्या आधी दाखवते. आमच्या मॅडम घरं सजवून देतात, आतली, म्हणजे कपाटं कुठे, ओटा कसा, दिवा कुठे. त्या कागदावर रेघा मारतात आणि मी त्या रेघांचं कॉम्प्युटरवर असं चित्र करते की बघणाऱ्याला वाटावं, अरे, हा तर फोटो! लाकडाची शीर दिसते, पडद्यातून ऊन येतं, फरशीवर सावली पडते. आणि जवळजवळ प्रत्येक घरात, बघा, प्रत्येक घरात लोक शेवटी म्हणतात, "आणि खिडकीजवळ एक छोटंसं टेबल हवं हं, आपलं बसायला." की मी काढते. टेबल, त्यावर दिवा, दिव्याखाली कप, आणि खुर्ची जराशी तिरकी, ओढलेली. का, तर कुणीतरी आत्ताच उठून गेलंय, येईल परत, असं वाटायला पाहिजे. आजवर एवढी टेबलं काढली मी, एवढ्या खुर्च्या तिरक्या केल्या… आणि स्वतः कुठे बसून? पलंगावर. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पाठीला बिस्किटांचा डबा.

डबा कशाला? कारण त्याची बिजागरी तुटलेली होती. कॉलेजपासूनचा लॅपटॉप, त्याचा पडदा एकटा उभाच राहायचा नाही, कशाला तरी टेकायला लागायचं त्याला. आणि पंखा! चित्र पुरं करायला लावलं की त्याचा पंखा असा काही सुरू व्हायचा की सासरे बाहेरून ओरडायचे, "अगं, मिक्सर बंद करा कुणीतरी!" चित्र पुरं व्हायला ही यंत्रं वेळ घेतात, तासन्‌तास घेतात. तोवर हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. हे मी एकदा सासूबाईंना समजावलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कुकरसारखं. लावून ठेवायचं." तेव्हापासून आमच्यात "चित्र लावलंय" असंच म्हणतात. "आई, चित्र लावलंय." "बरं, होऊ दे."

तर एके दिवशी मी एका दिवाणखान्याचं चित्र लावलं होतं, अर्धं ऊन आलं होतं, अर्धं यायचं होतं, आणि लॅपटॉपने एक उसासा टाकला, खरंच सांगते, माणसासारखा, आणि संपला. मॅडमना फोन केला. मॅडम घाईघाईत बोलतात, त्यांना पूर्णविराम माहीत नाही, "अगं मग घे ना नवीन आणि हे बघ पुढचं घर मी तुझ्यावर सोपवणारे पूर्ण, म्हणजे चित्रंच नाही, सगळं तूच ठरवायचंस रंग टेबलं दिवे सगळं, पण मशीन धड घे गं बाई, गेल्या वेळेस त्या माणसाला त्याचं स्वयंपाकघर दिसेपर्यंत त्याने दुसऱ्याकडून बांधूनसुद्धा घेतलं." ठेवला फोन.

धड घे. बरं. मी आपली शोधायला बसले आणि शोधून शोधून दोन राहिले. एक हलका. इतका हलका, इतका चपटा की पाकिटात घालून पोस्टाने पाठवावा. दिवसभर बॅटरी चालते, कुठेही न्या, कुठेही बसा. पण माझं चित्र त्याच्यावर लावलं तर तो तापणार, दमणार आणि सकाळचं ऊन संध्याकाळी दाखवणार. दुसरा ताकदीचा. माझं चित्र चहा गाळेपर्यंत तयार! पण जाड, जड, आणि त्याचा चार्जर म्हणजे वीट आहे, वीट. बॅटरी तासाभरात मान टाकते. म्हणजे त्याला काय पाहिजे? एक टेबल पाहिजे आणि टेबलाजवळ प्लग पाहिजे. म्हणजे जागा पाहिजे. आली का गंमत लक्षात?

कारण त्या घरात जागा म्हणजे… कशी सांगू? घर लहान नाही हं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. पण प्रत्येक जागेवर कुणाचं तरी नाव आहे, आणि ते लिहिलेलं नाही, बसून कळतं. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. पहिल्या दिवशी मी एकीवर बसले, तर सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती यांची. तिथून टीव्ही दिसतो." उठले. दुसरीवर बसले, "ती तुझ्या नवऱ्याची, लहानपणापासून. पाय हलवतो तो, टेबलाच्या त्या बाजूचा रंग बघ, गेलाय." उठले. तिसरीवर बसले, कुणी काही बोललं नाही, म्हणजे ती माझी झाली असणार. त्या खुर्चीच्या मागे फ्रीज. कुणालाही काही लागलं की, "जरा सरकतेस?" आणि चौथी स्वयंपाकघराच्या दाराशी. ती सासूबाईंची असं मी धरून चालले.

हॉलमध्ये मात्र खिडकी आहे एक. मोठी. खाली झाड आहे, त्याचा शेंडा बरोबर खिडकीपर्यंत आलेला. खिडकीशी टेबल आहे. टेबलाच्या पायाशी प्लग आहे. सगळं आहे! मी लग्न होऊन घरात पाऊल टाकलं ना, तर सगळे पाहुणे मला बघत होते आणि मी ते टेबल. पण त्या टेबलावर काय? तराजू.

आता हे सासऱ्यांचं सांगायला हवं. सासरे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदारांचे हात आपोआप काट्यावरून बाजूला व्हायचे, असं ते स्वतः सांगतात. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना काचेच्या पेटीतला पितळी तराजू भेट दिला, सोनारांकडे असतो तसला, नुसतं जवळून बोललं तरी काटा थरथरतो. तो तिथे, खिडकीत, टेबलावर. त्यात आजवर काही मोजलेलं नाही. मोजायला त्यांच्याकडे ताणकाटा आहे! घरात येणारी प्रत्येक वस्तू हुकाला लागते. रद्दी, गॅसची टाकी, साखर, पार्सल. मी आले तेव्हा माझ्या बॅगासुद्धा लटकवल्या, मनापासून कौतुकाने हं, वाईट हेतू नाही त्यांचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! हलकी आलीस. हलकं माणूस कुठेही मावतं."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. पण ते वाक्य मात्र बॅगेबरोबर आत आलं आणि आजपर्यंत बाहेर गेलेलं नाही. कुठेही मावतं. म्हणजे नेमकं कुठे?

असो. तर लॅपटॉप. मी रीतसर नवऱ्याला सांगितलं. नवरा माझा चांगला आहे, एकदम चांगला, पण तो डोळे तपासतो. म्हणजे धंदाच तो त्याचा, चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत असतो, "पहिली बरी की दुसरी? पहिली…? दुसरी…? परत दाखवू?" घरी आला तरी तो बदलत नाही. चहा की कॉफी? पहिला की दुसरी? आठवडाभर त्याने लॅपटॉपवरचे व्हिडिओ बघितले. आंघोळ करून बाहेर आला तरी त्या व्हिडिओवाल्यासारखाच बोलायला लागला, "तर मंडळी, बांधणी मजबूत आहे, पण किमतीच्या मानाने आवाज थोडा पातळ वाटतो…" मी म्हटलं, "अरे, मग तुला काय वाटतं?" तर म्हणतो, "माझं सोड, काम तुझंय, तूच ठरव." अरे वा! मी तोंड उघडलं, "मग मला तो दुसरा…" तर लगेच, "पण पहिला परत एकदा बघून घे ना! पहिला…? दुसरा…? सावकाश सांग. घाई नाही."

सासरे म्हणाले, "यात विचार करायचा काय? हलका घ्या. कुठेही मावेल."

कुठेही! परत तेच.

माझ्या आईला फोन केला. म्हटलं, आई, एक लॅपटॉप हलका आहे, एक जड आहे. आई म्हणाली, "जड घेऊन कुठे नाचवणारेस? हलका घे, इकडे येशील तेव्हा उचलून आणशील." म्हटलं, तिकडे आले की माझं टेबल आहेच की. यावर आई जरा गप्प झाली. गप्प झाली की समजावं. मग म्हणाली, "अगं ते… दादाने ते व्यायामाचं यंत्र आणलंय ना, चालायचं. ते कुठे ठेवायचं, मग टेबल काढलं. तुझ्या वस्तू सगळ्या नीट बांधून ठेवल्यात हं, एकसुद्धा टाकली नाहीये." म्हटलं, "बरं केलंस." म्हणाली, "रागावलीस?" म्हटलं, "छे गं." "दादा चालतोय का पण त्याच्यावर?" "कसला चालतोय, कपडे वाळत घालतो." म्हटलं, "बरं." तशी मी फारशी बोलत नाही.

पण फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसले, डबा उगाचच समोर ठेवला, त्याला टेकायला आता काही नव्हतं, तरी ठेवला, आणि मला असं वाटलं की मी ना, आता चारी बाजूंनी हलकी झालेय. इथे पाहुण्यासारखी सरकते आणि तिथे माझ्या जागेवर कपडे वाळतायत. कुठेही मावणारं माणूस कुठे ठेवलंय हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, तुम्ही कधी अनुभवलंय का? नसेल तर बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भाजी निवडत होत्या, उभ्याने, ओट्याशी. मी मोबाइलवर माझी जुनी चित्रं बघत होते. त्यांनी डोकावलं. त्या घरात माझ्या कामाकडे डोकावलेलं ते पहिलं माणूस. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण ही खुर्ची अशी तिरकी का?"

"आई, ते मुद्दाम. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटायला."

"कोण?"

"कोणीही. घरातली बाई समजा."

"मग चुकलंय," त्या म्हणाल्या. "बाई उठली तर खुर्ची आत सारूनच उठेल. ही पुरुषमाणसाची खुर्ची आहे."

आणि परत भाजी निवडायला लागल्या. मग मी सहज विचारलं, "आई, तुमची खुर्ची ती दाराजवळची ना?" तर त्या हसल्या. "माझी कुठली? उरेल ती. तीच उरते, म्हणून तीच."

हे इतकं साधं म्हणाल्या हो! त्यात तक्रार नाही, टोमणा नाही, काही नाही. पाणी कितीला येतं, असं विचारल्यावर सांगावं तसं. आणि मला ना पुढची सगळी वर्षं दिसली, ऊन-सावलीसकट, अगदी माझ्या चित्रात दिसतात तशी.

तर अशा अवस्थेत आम्ही चौघं त्या दुकानात गेलो. हो, चौघं! घरातून मोठी वस्तू घ्यायला निघायचं तर सगळ्यांनी निघायचं, ही त्यांची पद्धत. सासूबाई एका स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. विकणारा तरुण होता, टापटीप, त्याला सगळंच "सुपर" होतं. हा सुपर लाइट आहे, हा सुपर फास्ट आहे. सासऱ्यांनी विचारलं, "वजन?" तो म्हणाला, "सर, सुपर लाइट." "अहो, किती?" "सर, बॉक्सवर लिहिलंय." आणि इथे सासऱ्यांची मान ताठ झाली. "लिहिलेलं मी जन्मभर वाचलंय. म्हणूनच मोजतो."

मग ताणकाटा निघाला, ते सांगितलंच. सासूबाईंची पिशवी घेतली, आधी रिकामी पिशवी लटकवली, तिचं वजन बाजूला ठेवलं, मग त्यात हलका लॅपटॉप. दुकानातली माणसं गोळा झाली. नवरा अशा रीतीने लांब जाऊन हेडफोन बघायला लागला की जणू आम्ही वेगवेगळ्या गाडीने आलो. सासरे म्हणाले, "हं. बरोबर भरलं. चार्जर?" तो तरुण म्हणाला, "सर, चार्जर वेगळा असतो." "वेगळा म्हणजे? तो घरी ठेवून चालेल का हा?" "नाही सर, पण…" "मग हे निव्वळ वजन झालं. एकूण कुठे लिहिलंय? माणूस उचलणार काय, निव्वळ की एकूण?" त्या तरुणाच्या आयुष्यात हा प्रश्न कधी आला नव्हता. तेवढ्यात आतून मॅनेजर आला, घाबरत, कोट सारखा करत, "सर, आपण खात्यातून का?" सासऱ्यांनी नुसती मान अशी हलवली, की जी हो पण असू शकते आणि नाही पण. लगेच खुर्ची आली. गार पाणी आलं. निवृत्त आहे, हे त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

मग ताकदीचा. तो पिशवीत घातला तशी पिशवी खाली झुकली, आणि वर ती वीट ठेवली तसा काटा सरसर सरसर खाली. "बघा!" सासरे जमलेल्या लोकांना म्हणाले. "बॉक्सवर दोन किलो तीनशे. चार्जरसकट तीन किलो एकशे! हे पोरीनं उचलून हिंडायचं?" लोकांनी माना हलवल्या. एका अनोळखी बाईंनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हलकाच घे हो," म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, "लेडीजना हलकाच बरा." तो तरुण म्हणाला, "मॅम, सुपर पोर्टेबल. पलंगावर बसा, सोफ्यावर बसा, किचनमध्ये बसा, कुठेही बसून काम करता येईल." नवरा हेडफोनमधून परत आला, माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाला, "तर काय? पहिला…? दुसरा…?"

आणि तुम्हाला सांगते, माझं मलाच कळलं नाही, मी बोलले. मोठ्याने नाही. पण दुकानच हळू बोलणारं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला कुठेही बसायचं नाहीये. मला एका जागी बसायचंय."

तो तरुण सगळ्यांत आधी सावरला, म्हणाला, "मॅम, मग डेस्कटॉप घ्या ना! सुपर…" सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला.

सासरे गोंधळले होते. रागावले नव्हते हं, खरंच गोंधळले होते. "एका जागी म्हणजे? कुठल्या जागी?"

आता? आता काय सांगू? इतके महिने मनात रोज त्या टेबलाशी बसत होते, पण ओठावर "खिडकी" हा शब्द येईना. माझं बोलणं त्या एका वाक्यात संपलं होतं. बॅटरीच तेवढी माझी. आणि तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला, भाजी निवडतानाचाच, तस्साच.

"खिडकीतल्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा तो तराजू उचला, म्हणजे होईल जागा."

"तराजू? आणि ठेवू कुठे?"

"घरात एवढं मोजता, एवढं मोजून बघा."

अहो, मी आयुष्यात असा शेवट कुठल्या चर्चेचा बघितला नव्हता! सासऱ्यांनी ताणकाटा मिटला, खिशात घातला. ताकदीचा लॅपटॉप घेतला. घरापर्यंत तो त्यांनीच उचलला, वीट नवऱ्याने. वाटेत सासरे मधूनच, आपल्याशीच, "तीन किलो एकशे."

आणि टेबल मिळालं, मंडळी! सासऱ्यांनी स्वतः पेटी उचलली, बाळाला उचलावं तशी, काटा हलू नये म्हणून श्वास रोखून. मग मला खिडकीशी बसायला एक खुर्ची हवी ना, म्हणून गॅलरीतली जुनी खुर्ची नवऱ्याने पुसून दिली. मी बसले. लॅपटॉप उघडला. त्याचा पडदा स्वतःच्या पायावर उभा राहिला! चित्र लावलं. झाडाची सावली कीबोर्डवर पडली. मागून चहा आला. मला अगदी… काय सांगू? मला कुणीतरी चित्रात काढल्यासारखं वाटलं. नीट, जागच्या जागी.

हे सुख चार दिवस होतं.

म्हणजे झालं असं की तराजू ठेवायचा कुठे? जमिनीवर नको, पाय लागेल. कपाटावर नको, पंख्याचा वारा लागेल. सासऱ्यांनी घरभर पेटी घेऊन फिरून शेवटी जागा शोधली. स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची. "ही तर रिकामीच असते," म्हणाले. आणि त्या खुर्चीवर तराजू बसला. कायमचा.

उरेल ती, म्हणाल्या होत्या ना सासूबाई? आता उरलीच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी चित्र लावलं, चहा टाकायला उठले, कप घेऊन परत आले, तर खिडकीत सासूबाई. माझ्या खुर्चीवर. हात मांडीवर, लॅपटॉपला धक्का लागू नये म्हणून जरा मागे सरकून बसलेल्या, आणि बाहेर बघत होत्या. मला बघून दचकल्या. "अगं, जरा टेकले. तुझं चालू दे." म्हटलं, "बसा ना आई." म्हणाल्या, "इथून झाड दिसतं. मला वाटायचं, नुसती समोरची भिंत दिसत असेल. तो तराजू असायचा ना मधे."

एवढी वर्षं त्या घरात, आणि खिडकीबाहेर झाड आहे हे त्यांना माहीत नव्हतं, कारण तिथे बसायची वेळच आली नव्हती. मी हातातला कप त्यांच्यापुढे ठेवला. चित्र होईपर्यंत थांबले. मग लॅपटॉप मिटला, वीट काढली, वायर गुंडाळली आणि सगळं उचलून गेले पलंगावर. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी, मी अजून उठलेच नव्हते, तर मागे येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मीही नाही. आम्ही दोघीही तशा फारशा बोलत नाही. मी उठले.

आता ठरूनच गेलंय. दुपार झाली की जड लॅपटॉप, वीट, वायर, मी पलंगावर, संध्याकाळी परत खिडकीत, कधी मधेच जेवणाच्या टेबलावर, फ्रीजसमोर, "जरा सरकतेस?" मॅडमनी सोपवलेलं ते घर मी असंच पुरं केलं, घरभर हिंडून. त्या घरातल्या बाईंना खिडकीतलं टेबल फार आवडलं.

आणि परवाची गोष्ट. सासूबाई गॅसवर काहीतरी उतू गेलं म्हणून खिडकीतून उठून धावत आत गेल्या, आणि मी बघितलं, खुर्ची तशीच. तिरकी. ओढलेली. आत सारलेली नाही. येतीलच परत, असं वाटावं अशी. मी तिथेच उभी राहिले बघत, दोन्ही हातांत लॅपटॉप, दंडाला वायर लोंबतेय, वीट कमरेला आपटतेय… आणि मी खुर्चीला हात लावला नाही.

तेवढ्यात सासरे आले. हातात ताणकाटा. माझ्याकडे पाहिलं, मग त्या ओझ्याकडे पाहिलं, आणि खरोखर कळवळून म्हणाले, "सूनबाई, दिवसातून किती वेळा उचलतेस हे! मी तेव्हाच म्हटलं होतं, हलका घे."

मी म्हटलं, "हलका घेतला असता तर टेबल मिळालं नसतं, बाबा."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. हिशेब काही जुळेना त्यांचा.

"पण टेबल तर तिला मिळालं!"

"हो," मी म्हटलं, आणि वीट दुसऱ्या हातात घेतली.